रॉकेलचा मजला

आमच्या घरात कच्च्या तेलाबद्दल काही विचारायचं असलं की माझ्या धाकट्या भावाला विचारतात. मला विचारतात ते मोरीतला नळ का गळतोय ते. खरं तर आम्ही दोघांनी एकाच रिफायनरीत, एकाच मनोऱ्यावर काम केलेलं आहे. पण तो तिथे कायमचा नोकरीला आणि मी ठेकेदाराचा फिटर. तो कंट्रोल रूममध्ये पडद्यांसमोर बसून मनोरा चालवतो. मनोरा बंद ठेवला की मी आत शिरायचो.

मला त्याचा हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. आजही वाटतो. त्याला शिकवलं आणि मला कामाला जुंपलं, असलं काही आमच्या घरात झालं नाही. झालं असतं तर बरं, रागाला टेकायला भिंत मिळाली असती. बारावीला मी गणितात आपटलो, धुळ्याला आयटीआय केलं आणि फिटर झालो. चार वर्षांनी तो त्याच कॉलेजातून, त्याच मास्तरांच्या हाताखालून चांगल्या मार्कांनी बारावी पास झाला आणि केमिकलच्या डिप्लोम्याला गेला. दोष द्यायला माणूस शोधायचा म्हटलं तर मीच सापडतो.

आमचं घर सोनगीरला, किल्ल्याखाली. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबांनी उभा जन्म रॉकेल विकलं. चार चाकांची हातगाडी, तिच्यावर आडवं पिंप, पत्र्याचं माप आणि नरसाळं. रेशनचं निळं रॉकेल घेऊन ते गल्लोगल्ली आणि आसपासच्या खेड्यांत फिरायचे. उन्हाळ्याच्या सुटीत गाडीला मागून रेटा द्यायला मी असायचो. धाकट्याला तेव्हा हटकून काहीतरी व्हायचं, कधी पोट दुखायचं, कधी परीक्षा असायची. आबांच्या सदऱ्याला जो वास होता तो दोनदा साबण लावला तरी जात नसे. आईनं तर तो नाद सोडूनच दिला होता. आई गेली, पुढे घरोघरी गॅस आला, रॉकेल कुणी विचारेना, पिंप भंगारात गेलं. गाडी तेवढी आबांनी अंगणात ठेवून घेतली.

भाऊ नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा सुटीवर आला तेव्हाची गोष्ट. अंगणात खाट टाकलेली. आबांनी त्याला जवळ बसवून विचारलं, "त्या टावरमा काय व्हस रे? काया तेलमातून मन्हं रॉकेल कसं निंघस?"

मीही तिथेच बसलो होतो. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

भावाने काय करावं? तो उठला आणि घरातल्या उतरंडीकडे बोट दाखवून म्हणाला, "आबा, ही उतरंड बघा. खाली मोठं मडकं, वर लहान, त्याच्यावर अजून लहान. आमचा मनोरा असाच, फक्त किल्ल्याच्या बुरुजापेक्षा उंच. काळं तेल आधी भट्टीतून नेतात आणि एकदम इतकं तापवतात की त्यातलं बरंचसं वाफ होऊन जातं. मग ते मनोऱ्याच्या तळाशी सोडायचं. वाफ वर चढते. खाली कडक ऊन, वर गारवा. जी वाफ लवकर थंडावते ती खालच्याच मजल्यावर पुन्हा तेल होते, ते डिझेल. जी दमाची असते ती अजून वर जाते. पार टोकाला जाते ती पेट्रोलची जात. आणि ज्याची वाफच झाली नाही ते तळाला राहतं, डांबरासारखं."

"मंग मन्हं रॉकेल कोणता मजलावर शे?"

"मधल्याच्या थोडं वर. डिझेलच्या वर, पेट्रोलच्या खाली."

"आते समजनं," आबा म्हणाले आणि उतरंडीतल्या एका मडक्याकडे बघत राहिले. त्या दिवसापासून ते मडकं त्यांच्या लेखी रॉकेलचं झालं. शेजारचं कुणी आलं की ते मडकं दाखवून आबा सगळं परत सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, मन्हा धाकला तो टावर चालावस.

त्या उतरंडीनं माझा जीव खाल्ला. मी तोपर्यंत पाच-सात रिफायनऱ्यांची शटडाउनं केली होती. शटडाउन म्हणजे काही वर्षांनी सगळं बंद करून, धुऊन, उघडून दुरुस्त करायचा महिना. असल्या कित्येक मनोऱ्यांत मी तळापासून टोकापर्यंत हातापायांवर चढलो होतो. आणि उतरंड मात्र त्याला सुचली, ज्याने मनोरा फक्त बाहेरून आणि पडद्यावर पाहिला होता. मी पिंप्राळ्याला माझ्या घरी आल्यावर बायकोला म्हणालो, त्याला काय कळतंय आतलं. ती म्हणाली, "मग तुम्ही सांगायचं होतं की." तिच्यावरही मी दोन दिवस फुगून होतो.

पुढे एका हिवाळ्यात भावाच्याच रिफायनरीचं शटडाउन निघालं आणि आमच्या ठेकेदाराला नेमका त्याच्याच मनोऱ्याचा ठेका लागला. मी नाही म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही, कारण त्याला त्याच्या जागी बसलेलं मला बघायचं होतं, दुखऱ्या दातावरून जीभ फिरवावी तसं.

आतलं सांगतो, कारण ते मला माहीत आहे. मनोऱ्याला ठरावीक अंतरावर माणूस शिरेल एवढी गोल दारं असतात, मॅनहोल. आत एकावर एक पोलादी मजले असतात, त्यांना ट्रे म्हणतात. प्रत्येक ट्रेला शेकडो भोकं. मनोरा चालू असताना खालची वाफ त्या भोकांतून वर येते आणि ट्रेवरून वाहणाऱ्या तेलातून बुडबुडत जाते. तेल ट्रेच्या कडेवरून खालच्या ट्रेवर पडत राहतं. वर जाणारी वाफ आणि खाली पडणारं तेल प्रत्येक मजल्यावर असे भिडतात, आणि हलकं-जड वेगळं होत जातं. प्रत्येक ट्रेच्या मध्ये एक सुटी फळी असते, फिटरला वरखाली जाण्यासाठी. काम संपलं की टोकाकडून सुरुवात करायची, खालच्या ट्रेवर बसून डोक्यावरची एकेक फळी बसवायची, तिला चार क्लॅम्प लावायचे, नट आवळायचे आणि खाली सरकायचं. क्लॅम्प म्हणजे अंगठ्याएवढी पोलादी पट्टी, बोल्ट आणि नट. फळी ढिली राहिली तर चालू मनोऱ्यात ती उचलली जाते. मग वाफेला भोकांतून जायची गरज उरत नाही, मोठं खिंडार मिळतं. त्या मजल्यावरचं वेगळं होणं थांबतं आणि खालचं वरच्यात मिसळतं.

आम्ही शिरायच्या आधी मनोरा वाफेनं, पाण्यानं कितीतरी दिवस धुतलेला असतो, हवा तपासलेली असते. तरी पोलाद वास सोडत नाही. तळाशी डांबर, तापलेल्या सडकेचा. तिथून वर चढलं की डिझेल, एसटी स्टँडवरचं. पार टोकाला नाकात टोचणारं, डोकं हलकं करणारं. आणि मधल्याच्या थोडं वर, गुडघ्यांवर पुढे सरकताना, पहिल्या दिवशी मी एका ट्रेवर हात टेकला आणि जागीच थांबलो. आबांचा सदरा. तोच वास, साबण लावल्यानंतर उरायचा तेवढाच. मी हातमोजा काढून ट्रेवरून बोटं फिरवली आणि हुंगली. चाळिशी ओलांडलेला माणूस मी, त्या अंधाऱ्या पिंपात बसून मला सोनगीरचं अंगण दिसायला लागलं. खालून फोरमन ओरडला तेव्हा मी हललो.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. ते माझं होतं.

भाऊ आम्हाला भेटायला आला तो तिसऱ्या दिवशी. स्वच्छ निळा बॉयलर सूट, पांढरं हेल्मेट, सोबत त्याचे दोन साहेब. मला वाटलं, आता ओळख दाखवणार नाही, गावाकडचा कुणीतरी म्हणून टाळेल. मी तशी तयारीच करून ठेवली होती, म्हणजे मग मला त्याच्यावर मनसोक्त चिडता आलं असतं. पण त्याने सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि साहेबांना म्हणाला, "सर, ये मेरे बड़े भाई हैं. अंदर का काम इनसे अच्छा कोई नहीं जानता." दुपारी जेवणाचा डबा घेऊन तो आमच्या टोळीत मांडी घालून बसला. कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत, सगळं घरून करून आणलेलं. टोळीतली पोरं त्याच्यावर फिदा. संध्याकाळपर्यंत मला चार जणांनी ऐकवलं की भाऊ असावा तर असा. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती मला तेव्हा कळली.

जेवताना त्याने विचारलं होतं, "भाऊ, आत कसं असतं रे? मी कधी गेलोच नाही." घरात मला सगळे भाऊच म्हणतात, आबासुद्धा. शिकल्यापासून तो माझ्याशी असाच शहरी मराठीत बोलतो, आबांशी मात्र बऱ्याचदा घरच्या बोलीत. मी भाकरीचा तुकडा मोडत म्हणालो, "अंधार असतो."

शेवटच्या दिवशी फळ्या बसवायची घाई चालली होती. आमच्या टोळीची पद्धत अशी की क्लॅम्प मोजून कापडी पिशवीत भरायचे, पिशवी कमरेला बांधायची आणि बाहेर येताना उरलेले मोजून मॅनहोलपाशी बसलेल्या माणसाला द्यायचे. आत किती गेले, किती लागले, किती उरले, याचा मेळ बसला की मगच झाकण. पिशवी गुडघ्यांखाली येत होती म्हणून मी दर ट्रेला चार क्लॅम्प काढून छातीच्या खिशात टाकायचो. रॉकेलच्या ट्रेच्या फळीशी आलो. दोन क्लॅम्प आवळले. तेवढ्यात खालच्या मॅनहोलमधून भावाचा आवाज आला, "भाऊ, पाणी प्यायला ये जरा, किती वेळ आत आहेस." मी त्या आवाजाला मनातल्या मनात शिव्या देत खाली मॅनहोलपाशी उतरलो. पाणी प्यायलो, त्याच्याशी दोन शब्द बोललो, आणि परत आत शिरल्यावर काम तिथूनच पुढे, खालच्या ट्रेपासून सुरू केलं. इन्स्पेक्टरने टॉर्च मारला तेव्हा फळी जागेवर चपखल बसलेली होती. पिशवीतल्या क्लॅम्पचा हिशेबही जुळला, कारण वहीत ते चारही लागलेले धरले होते. मॅनहोलवाल्याने विचारलं, सगळं बाहेर? मी म्हणालो, सगळं बाहेर.

इथपर्यंत ती चूक होती. हे लिहिताना मला त्या शब्दाचा आधार वाटतो.

परतीच्या वाटेवर आग्रा रोडला मी सोनगीरला उतरलो, आबांकडे एक दिवस राहून पुढे पिंप्राळ्याला जायचं होतं. आबांनी माझा बॉयलर सूट धुवायला उचलला आणि झटकला तेव्हा खिशात खणखणलं.

"हाई काय शे? तुन्हा खिसामा व्हतं."

त्यांच्या तळहातावर दोन क्लॅम्प होते, नवे कोरे, चकचकीत. कुठल्या ट्रेचे ते मला तत्काळ कळलं, कारण पाणी प्यायला मी एकदाच उतरलो होतो. भट्टी पेटायला अजून दोन दिवस होते. एक फोन केला असता तर झाकण उघडून अर्ध्या पाळीत काम झालं असतं. माझी शोभा झाली असती हे खरं. पण मी फोन केला नाही त्याचं कारण ते नव्हतं. मला दिसला तो भाऊ, पांढरं हेल्मेट घालून पडद्यापुढे बसलेला. त्याचं रॉकेल बिघडलेलं, त्याला कारण सापडत नाही, साहेब मागे उभे. ते चित्र मला आवडलं. इतकं आवडलं की मी खाटेवर पडून ते पुन्हा पुन्हा बघितलं.

"तुले नको व्हई त माले दे," आबा म्हणाले. मी म्हणालो, "राहू द्या तुमच्याकडे."

दोन-तीन महिन्यांनी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आमच्याकडे आखाजीला सासरी नांदणाऱ्या पोरी माहेरी जातात, त्यामुळे माझी बायको नशिराबादला तिच्या आईकडे आणि धाकट्याची बायको तिच्या माहेरी. सोनगीरला आम्ही तिघे बाप्येच. आईच्या नावाने घागर भरायची होती. मी अंगणात पाऊल टाकलं आणि समोर हातगाडी दिसली. आबांनी तिच्यावर पाण्याचे माठ ठेवायला फळी टाकली होती आणि ती हलू नये म्हणून गाडीच्या लोखंडी पट्टीला दोन्ही बाजूंनी आवळली होती. ते दोन क्लॅम्प सकाळच्या उन्हात असे चमकत होते की वाटेवरून जाणाऱ्यालाही दिसावेत. मी खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांच्यावर वाळत घातला. अंगणात एवढी दोरी असताना टॉवेल गाडीवर कशाला, असं आबांनी विचारलं. मी म्हणालो, इथे ऊन बरं आहे.

भाऊ दुपारी आला. गालफडं बसलेली, हसू ओढून आणलेलं. आबांनी घागर फळीवर ठेवली, तिच्यावर आंबा ठेवला, पाया पडून झालं. शेजारच्या अक्कांनी खापरावरचे मांडे पाठवले होते, आमरस आम्ही घरी केला होता. जेवायला बसता बसता आबांनी नेहमीप्रमाणे त्याला विचारलं, मन्हं रॉकेल कसं शे?

त्याने मांड्याचा तुकडा मोडून तसाच ताटात ठेवला. मग हळूहळू सांगितलं. मनोरा चालू केल्यापासून रॉकेल जड येत होतं, त्यात डिझेल मिसळत होतं. जे काही त्याच्या हातात होतं ते त्याने वरखाली करून पाहिलं होतं. शेवटी मनोऱ्याची बाहेरून तपासणी केली, आपल्याकडे फोटो काढून हाड बघतात तशी. त्यात रॉकेलच्या मजल्यावर एक फळी उचललेली दिसली. मनोरा चालू करायच्या दिवशी पडद्यासमोर हाच होता. साहेबांचं म्हणणं, याने घाई केली, आत पाणी राहिलं असताना उष्णता वाढवली, पाण्याची एकदम वाफ झाली आणि तिने फळी उडवली. चौकशी चालू होती. तोपर्यंत त्याला पडद्यावरून उठवून दुसरीकडे कागद लिहायला बसवलं होतं.

"माझ्याच हातून झालं असेल," तो म्हणाला. "त्या दिवशी जरा घाई होती खरी."

हे ऐकताना मला गोड वाटत होतं. तोंडात आमरस होता म्हणून नव्हे. पडद्यावरून उठवलं, हे शब्द मी मनात दोनदा घोळवले. आणि त्याच वेळी त्याच्या बसलेल्या गालफडांकडे बघवेना. दोन्ही एकदम होतं, एकाच पोटात.

भावाने हात धुतले आणि पुसायला गाडीवरचा टॉवेल ओढला. क्लॅम्प उघडे पडले. तो गाडीला टेकून उभा राहिला. बोलता बोलता त्याचं बोट त्यातल्या एका नटावर फिरत होतं. मी श्वास धरून बघत होतो. आता ओळखेल, आता ओळखेल. त्याने वाकून नीट पाहिलं आणि म्हणाला, "आबा, हे छान बसवलंय. कशाचं आहे हे?"

त्याला माहीतच नव्हतं. ज्या वस्तूपायी त्याची खुर्ची गेली होती ती त्याच्या बोटाखाली होती आणि त्याने ती जन्मात पाहिली नव्हती. मनोऱ्याच्या आत काय असतं ते त्या अंगणात फक्त मला माहीत होतं. इतकी वर्षं मला हेच तर हवं होतं.

आबा म्हणाले, "हाई भाऊनं शे." मग माझ्याकडे वळले. "भाऊ, तू त त्या टावरना आतमा जाई येल शे. ती फळी कशी उडनी व्हई? तू सांग."

आबांनी तेलाबद्दल मला विचारलं, ते पहिल्यांदा.

मी सांगितलं. तळापासून सुरुवात केली, कारण एकदम शेवटाला जायचा धीर नव्हता. डांबराचा वास, डिझेलचा वास, ट्रेची भोकं, गुडघ्यांना होणाऱ्या जखमा, सगळं. आबा पुढे झुकून ऐकत होते. भाऊ गाडीवरून खाटेवर येऊन बसला. मी रॉकेलच्या मजल्यावर आलो आणि म्हणालो, "तिथे तुमच्या सदऱ्याचा वास येतो, आबा. धुतलेल्या सदऱ्याचा." आबांनी नकळत स्वतःची बाही नाकाशी नेली. मग मी म्हणालो, "त्या मजल्याच्या फळीला चार क्लॅम्प लागतात. मी दोनच लावले. दोन हे."

वाटेवरून एक रिक्षा गेली. तिचा आवाज पार हायवेपर्यंत ऐकू येत राहिला.

भावाने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"इथे आलो त्याच दिवशी."

"भट्टी पेटायच्या आधी?"

"आधी."

"मग फोन का नाही केलास?"

मी त्याच्याकडे न बघता म्हणालो, "तुझी फजिती व्हावी म्हणून."

आबांनी उठून घागर दोन्ही हातांनी उचलली आणि ओट्यावर ठेवली. मग मला म्हणाले, "पाना लई ये." मी घरातून पाना आणला आणि माझ्या हाताने ते दोन नट सोडवले. फळी एका बाजूने कलली. क्लॅम्प मी भावाच्या हातात दिले, तेव्हा त्याची बोटं माझ्या बोटांना लागली आणि त्याने ती झटकन मागे घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो गेला. ते क्लॅम्प साहेबांच्या टेबलावर ठेवून त्याने सांगितलं की टोळीतल्या फिटरने स्वतःहून कबूल केलं आहे. कोण फिटर ते त्याने सांगितलं नाही. पण तीन महिन्यांपूर्वी त्यानेच सगळ्यांना माझी ओळख करून दिली होती, त्यामुळे सांगायची गरज पडली नाही. त्याला परत पडद्यावर बसवलं. मला ठेकेदाराने त्या रिफायनरीच्या यादीतून काढलं, मग बाकीच्यांच्याही. आता मी जळगावला एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात मेन्टेनन्सला आहे. प्रत्येक नट दोनदा तपासतो, पोरं हसतात.

पुढच्या आखाजीला भाऊ आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आला, आबांशी बोलला, माझ्याशी हवापाण्याचं बोलला. आबांनी फळी सुतळीने बांधून घेतली होती. तेलाचा विषय कुणी काढला नाही.

मागच्या हिवाळ्यात त्यांचा मनोरा पुन्हा उघडला. मी तेव्हा सोनगीरला आबांकडे होतो. दुपारी भावाचा फोन आला. त्याने परवानगी काढली होती, टॉर्च घेतला होता, आणि आमच्याच जुन्या टोळीतल्या एका पोरासोबत तो पहिल्यांदा मनोऱ्याच्या आत जाऊन आला होता. रॉकेलच्या मजल्यापर्यंत. आबांनी फोन कानाशी दाबून धरला होता, तरी मला सगळं ऐकू येत होतं.

"भाऊनी सांगेल तसा वास उना का?" आबांनी विचारलं.

"उना आबा. तुमना सदराना वास."

आबांचे डोळे भरले. मी भिंतीकडे तोंड केलं. पडदा त्याचा होता, उतरंड त्याची होती, टोळीतली पोरं त्याची झाली होती. एवढी एक गोष्ट माझी म्हणून उरली होती, तीही आज गेली, आणि ती मीच माझ्या तोंडाने त्याला दिली होती.

आबांनी फोन माझ्या हातात दिला आणि सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत आत गेले. मी हॅलो म्हटलं. पलीकडे भावाने दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग आवाज खाली आणून, आमच्या घरच्या बोलीत, जी तो माझ्याशी कित्येक वर्षांत बोलला नव्हता, म्हणाला, "भाऊ, खरं सांगू का? माले काहीच वास नही उना. नुसता अंधार व्हता."

मी त्याला म्हणालो, हातमोजा काढून बघायला हवा होता. तो म्हणाला, काढला होता.

फोन ठेवल्यावर मी ओट्यावर गाडीकडे बघत बसलो. आबांनी आतून विचारलं, काय म्हणत होता. मी म्हणालो, काही नाही. इतका आनंद मला झाला होता की आबांनी चहा आणून ठेवला तरी तो आनंद मला आवरता आला नाही.